सावलीतला बाक

अन्वरचाचा, आधी बातमी सांगते, मग रडते. तुमचा क्रम तोच होता. मैदानावर कुणाचा गुडघा फुटला तरी तुम्ही आधी विचारायचात, "निकाल काय?"

निकाल असा. आपल्या शुक्रवार लीगच्या अ गटात तुमचे ड्रायव्हर आणि वर्कशॉपचे वेल्डर सारख्याच गुणांवर तळाला अडकलेत. दोघांपैकी एकाला ब गटात खाली जायचंय. ब गटात किचनची पोरं पहिली आलीत, ती वर यायचीत. इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. शेवटचा सामना तुम्ही बघितलात, त्या बाकावर बसून, रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यानंतरच्या मंगळवारी तुम्ही गेलात. आणि आता तेच रेफरी, आपले देशपांडेकाका, म्हणतात, "आपल्या अन्वरच्या आठवणीत या वर्षी कुणीच खाली जायचं नाही."

आज संध्याकाळी मेसमध्ये बैठक आहे. हे मी त्याच्या आधी लिहितेय, ऑफिसात, ड्रॉइंगच्या गठ्ठ्यामागे तोंड लपवून. डॉक्युमेंट कंट्रोलरच्या टेबलाचा हा एक फायदा आहे. समोरचा माणूस दिसत नाही. डबा उघडला नाही.

सगळे म्हणतात, चाचा वर गेले. मला पहिला विचार आला, कुणाच्या जागी? कारण हे तुमचंच वाक्य होतं: "वर कुणी आला म्हणजे कोणतरी खाली गेलेला असतो गो, हिशोब बरोबर लागला पाहिजे." हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. लोक रडत होते. तुम्ही मात्र हसला असतात, आणि मग खोकला असतात, आणि मी म्हटलं असतं, दाखवा एकदा डॉक्टरला.

हेच तर. म्हणत राहिले, नेलं नाही. कागदावर लिहिलंय, नैसर्गिक मृत्यू. बस-यार्डात, दुपारी, हातात दिवसाच्या फेऱ्यांचा कागद, आणि नैसर्गिक. असेलही. साखर होती, सिगारेट होती, वय होतं. पण उन्हाचं काय? ते कुणी विचारलं? मी ते वाक्य दहा वेळा लिहिलं आणि दहा वेळा खोडलं. पुण्यात असते तर रात्रीत पत्रक छापून सकाळी फाटकावर वाटलं असतं. इथे मला हेही माहीत नाही की तुमच्यासाठी ओरडायचं आहे की नुसतं रडायचं आहे. ते माहीत नसणं मला खातंय.

आणि पत्रकावरनं तर आपली ओळख झाली.

आठवतंय? मी नाशिकची, पुण्यात कॉलेजात तीन वर्षं पत्रकं लिहून बोटं काळी केलेली, दादा-वहिनींकडे इथे आखातात, मुऐदरला येऊन कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात बघितलं, इंडस्ट्रियल एरियातली माणसं सुटल्यावर बसची वाट बघत यार्डात उन्हात उभी. छप्पर नाही, बसायला काही नाही. मी पत्रक लिहिलं. काय लिहिलं होतं! "सवाल सावलीचा नाही, सवाल माणूसपणाचा आहे." देवनागरीत, हिंदीत, ठळक अक्षरांत. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन यार्डाच्या भिंतीला चिकटवलं. दुपारी तुम्ही माझ्या टेबलाशी उभे. मेंदीने लाल केलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"हे तुजं?"

"हो."

"यार्डात उभे असतात ते कोण?"

"कामगार."

"कुठले?"

मी पत्रकाकडे बघितलं.

"केरळवाले, बंगाली, नेपाळी, श्रीलंकेचे. नेपाळी सोडले तर तुझी ही अक्षरं कोण वाचणार? वाचेल तो एचआरचा शुक्ला. त्याला सुंदर हिंदी येतं." पत्रक तुम्ही माझ्या ड्रॉवरमध्ये सारलंत. "पोरी, हितं टिकणारं एकच पत्रक हाय. शुक्रवारी ये, दाखवतो."

मी चिडले होते चाचा. म्हटलं, हा कंपनीचा माणूस. ट्रान्सपोर्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे कोण कुठल्या बसमध्ये बसणार ते ठरवणारा, म्हणजे अर्धा साहेब. आला असेल धमकी द्यायला. तरी शुक्रवारी आले, कारण भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

गोदामांच्या मागचं ते मैदान. मैदान कसलं, सपाट केलेला मुरूम. गोलपोस्ट परांचीच्या पाइपांचे. आणि गोदामाच्या भिंतीवर चिकटवलेला तुमचा तक्ता: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, गुण. त्याच्यासमोर ही गर्दी. मल्याळी बोट ठेवून बघतोय, बंगाली फोनमध्ये फोटो काढतोय, नेपाळी हुज्जत घालतोय की आमचा एक गुण कमी लागलाय. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. "आकडे सगळ्यांना वाचता येतात. आता तूच लिहायचा हा. तुजं अक्षर चांगलं हाय, डोकं गरम हाय, पण अक्षर चांगलं हाय."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी तो तक्ता लिहितेय.

लीग तुम्ही इटलीहून उचलली होती. जहाजावर खलाशी होतात तेव्हा तिथल्या एका बंदरात इंजिन बिघडून आठवडे काढलेत, एवढंच आधी सांगितलंत. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मेसच्या टेबलावर करक चहाच्या कागदी कपांची रांग लावून तुम्ही मला सेरी आ शिकवलीत. सेरी आ म्हणजे आपली अ श्रेणी, बस्स, नावात काही भपका नाही. वीस संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या गावात. म्हणजे अडतीस सामने. जिंकलास तर तीन गुण, बरोबरीला एक, हरलास तर वाटेला लाग. शेवटी फायनल-बियनल काही नाही.

"फायनल नाही?" मी म्हटलं. "मग मजा काय?"

"फायनल म्हणजे लग्न. एक दिवस कोण पण नटतो. लीग म्हणजे संसार. थंडीत, पावसात, पाय सुजलेला असताना, नाक्यावरच्या फडतूस संघाशी पण तुला नीट खेळायला लागतं. मे महिन्यात जो वर हाय तो खरा."

जो पहिला येतो तो पुढचं अख्खं वर्ष छातीवर तीन रंगांची छोटी ढाल लावून खेळतो. पहिले चार-पाच युरोपात मोठ्यांशी खेळायला जातात. आणि मग तुम्ही रांगेतले शेवटचे तीन कप उचललेत, त्यातला चहा ओतून टाकलात, नि टेबलाच्या खालच्या बाकावर ठेवलेत. "हे गेले ब मध्ये. त्यांच्या जागी तिकडनं तीन वर. दर वर्षी. कितीपण मोठं नाव असू दे, कितीपण जुना असू दे. तळाला आलास, खाली."

मी म्हटलं, "हे क्रूर आहे."

आणि आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, अन्वरचाचा. तुम्ही मध्येच उठून गेलात.

माझं म्हणणं साधं होतं. तळाला आहे त्याला आणखी खाली ढकलायचं, हे तर जगभर चाललंच आहे. साइटवर चाललंय, कॅम्पमध्ये चाललंय. खोलीत आठ माणसं, त्यातल्या नव्याला दाराजवळचा पलंग. निदान शुक्रवारी दोन तास तरी कुणी कुणाला खाली ढकलू नये. आणि आपल्याकडे खाली जाणं नुसतं कागदावर नव्हतं. ब गट खेळतो तो नमाज आणि जेवण झाल्या झाल्या, भर उन्हात. अ गट खेळतो नंतर, गोदामाची सावली मैदानाच्या कडेला पसरते तेव्हा. त्या सावलीत तो एक बाक. अ गटाचे संघ आळीपाळीने त्यावर बसणार, ब गट वाळूत बसणार. म्हणजे आठांत आठवा आला की गेली सावली! मी तुम्हाला म्हटलं होतं, "चाचा, तुम्ही सावलीचीसुद्धा स्पर्धा लावलीत. मालक वेगळं काय करतो?"

तुम्हाला ते लागलं होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्या चहात साखर जास्त घालून सूड घेतलात.

नंतरच्या शुक्रवारी म्हणालात, "सावली मी नाय बनवली. ती भिंत जेवढी हाय तेवढीच पडते. सोळा संघ, आठांना सावली. आता सांग, कुणाला? आधी आले त्यांना? साहेबाच्या ओळखीच्यांना? कायमची?" मी म्हटलं, सगळ्यांना थोडी थोडी. म्हणालात, "तेच तर करतोय. पण फुकट नाय. पळून."

आणि मग ते वाक्य. "खाली जायचा नि वर यायचा जिना एकच असतो. तू खाली जाणाऱ्यांची दया येऊन तो बंद केलास, तर वर येणारा कुठून येणार?"

मी म्हटलं, हे भाषण झालं. तुम्ही म्हणालात, "संगतीचा परिणाम."

एकदाच, फक्त एकदाच, तुम्ही त्या बंदरातली पूर्ण गोष्ट सांगितलीत. तिथल्या गोदीतल्या माणसाने तुम्हाला सामन्याला नेलं. मोसमाचा शेवटचा दिवस. गावचा संघ हरला नि खाली गेला. तुम्हाला वाटलं, आता दगडफेक, पळा. तर कुणी हललंच नाही. म्हातारे, बायका, बापाच्या खांद्यावरची पोरं, सगळे उभे राहून गात राहिले. खेळाडू मान खाली घालून आत गेले, तरी गात राहिले. तुम्ही त्या गोदीवाल्याला खुणेने विचारलंत, हरलात ना? त्याने खुणेनेच सांगितलं, म्हणूनच.

"जिंकलेल्याच्या बाजूला उभा राहायला सगळं जग हाय," तुम्ही म्हणालात. मग बराच वेळ नाक शिंकरलंत. सर्दी झालीय म्हणालात. उन्हाळ्यात.

तुमच्या लीगमध्ये म्हणूनच तो रिवाज होता. इटलीत खाली जाणाऱ्या संघाला थोडे पैसे देतात, आपटून मरू नये म्हणून, त्याला म्हणतात पॅराशूट. आपल्याकडे पॅराशूट म्हणजे पाण्याचा मोठा ड्रम. खाली गेलेल्याने तो उन्हातल्या बाजूला घेऊन जायचा, वर्षभर त्याचा पहिला हक्क. आणि जाण्याआधी बाक पुसून वर आलेल्या संघाला आपल्या हाताने बसवायचं. चेहरा वाकडा न करता. चेहरा वाकडा केला तर पुढच्या मोसमात एक गुण वजा! (हा नियम इटलीत नाही. हा तुमचा.)

ते सगळं आज संध्याकाळी जाणार, असं मला वाटतंय.

देशपांडेकाका वाईट नाहीत हो. दर शुक्रवारी लांब दुखानहून स्वतःची गाडी घेऊन येतात, शिट्टी फुंकतात, तुमच्या शिव्या ऐकतात नि सामना संपल्यावर तुमच्याबरोबर चहा पितात. तुमचं सामान घरी पाठवायला तेच धावले, विमानतळापर्यंत तेच आले. इटलीत म्हणे मोसमाच्या पहिल्या फेरीला 'जाणं' म्हणतात आणि दुसरीला 'परत येणं', आणि हल्ली परत येण्याचा क्रम जाण्यासारखा ठेवत नाहीत. तुम्ही हे मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंत. विमानतळावर तुमची शवपेटी आत गेली तेव्हा मला तेच आठवलं, आणि मी देशपांडेकाकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. अशा माणसाशी मी कशी भांडू?

काल फोनवर म्हणाले, "बेटा, एक वर्ष. जगबुडी होणार आहे का? माणूस गेलाय. त्याचाच संघ त्याच्यानंतर खाली जाताना बघायचा? आणि तूच तर म्हणत होतीस, खाली पाठवणं क्रूर आहे म्हणून."

म्हणाले ते खरंय! मीच म्हणत होते. वर आणखी एक गोष्ट अगदी सहज सांगितली. एक कंत्राटदार सगळ्यांना जर्सी द्यायला तयार आहे, पण त्याला आठ ठरलेले संघ हवेत, दर वर्षी नावं बदलणार असतील तर छापायचं काय? म्हणजे एक वर्ष नाही. जिना बंद. आणि तो बंद करायला तुमचं नाव वापरणार. माझ्या अक्षरात.

मला भीती कशाची वाटतेय सांगू? बोलले तर लोक म्हणतील, मेलेल्या माणसाच्या संघाला खाली ढकलायला निघालीय. नाही बोलले तर किचनच्या बिमलला काय सांगू? तो काल डाळीच्या पातेल्याशी उभा राहून म्हणाला, "दीदी, हम लोग ऊपर आएगा कि नहीं?" मी म्हटलं, बघू. 'बघू'! मी, जिने आयुष्यात हा शब्द पत्रकात लिहिला नाही.

पाच वाजले. निघते.

आता शुक्रवारची संध्याकाळ आहे. मुऐदरला घरी आलेय. बुटांत अजून मुरूम आहे. वरचं सगळं फाडून टाकणार होते, मग वाटलं, राहू दे. तुम्हाला माझी भीती कधी दिसली नव्हती. दिसू दे.

बैठकीचं ऐका. अ गटाचे आठही कप्तान टेबलाभोवती. देशपांडेकाका मधोमध. मी तक्तेवाली म्हणून भिंतीशी. आणि चहा कोण देतंय? बिमल. ब गटाला बैठकीत मत नाही, ही तुमच्या लीगची मोठी खोट, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलंय. ज्याचा निर्णय चाललाय तोच कप भरतोय, ट्रे घेऊन फिरतोय, नि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतोय.

देशपांडेकाका छान बोलले. डोळे पुसले. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "खलास, हात वर करा."

मी म्हटलं, "थांबा."

आणि पुढे, चाचा, घोषणाच सुचत होत्या. माणूसपणाचा सवाल, संघर्ष, न्याय. सगळं तोंडाशी आलं नि मला तुमचा आवाज ऐकू आला, घोषणा नको, पास दे. म्हणून मी एवढंच म्हटलं, "मी आजवर चाचांच्या विरुद्ध बोलत आले. खाली पाठवू नका म्हणत आले. आज तुम्ही माझंच ऐकताय. पण ड्रायव्हर किंवा वेल्डर, कुणीतरी एक खाली गेल्याशिवाय किचन वर येत नाही. बाकावर आठच संघ बसतात. मग किचनवाले जिंकले कशाला? हा चहा द्यायला?"

वेल्डरांचा कप्तान जमिनीकडे बघत होता. त्याला सुटका हवी होती, आणि त्यात चूक काय? देशपांडेकाका हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हे बोलायची ही वेळ नाही." वाटलं, संपलं. उद्यापासून माझ्याशी कुणी बोलणार नाही.

मग युसुफ उठला. तुमचा पुतण्या, तुमचा गोलकीपर, तुमचा कप्तान. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. ज्याचा चाचा गेला त्याने "आमाला वाचवा" म्हटलं असतं तर कोण नाही म्हणणार होतं?

तो म्हणाला, "काका, एक विचारू? चाचानं कदी कुणाला फुकट सोडला काय?"

"अरे, पण..."

"मला गेल्या वर्षी उशिरा आलो म्हणून चार सामने बसवून ठेवला. सख्ख्या पुतण्याला. माझ्या अम्मीचा फोन आला तरी नाय ऐकला. तिला म्हणाला, वहिनी, तुझा लेक मैदानावर माझा कोण नाय." काहीजण हसले. युसुफ नाही हसला. "आता तो गेला म्हणून आमी माफी घेऊन सावलीत बसायचं? लोक चाचाच्या नावानं हसतील. नको आमाला. आमचे गोल जास्त हायत, पण गोलफरकावर वाचणं पण नको. सारखे गुण, मग परत खेळायचं. त्याचा इटलीवाला नियम हाय ना? बाकी जागांचं काय ते आपापसांतल्या निकालावर ठरवा, पण पहिला कोण नि खाली कोण, हे मैदानावर. उद्या खेळू. यल्ला, चला."

देशपांडेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अन्वरचंच रक्त," असं काहीतरी म्हणाले. मग हात वर गेले. वेल्डरांचा हात सगळ्यात शेवटी गेला, पण गेला. जर्सीवाल्याला नाही म्हणून सांगायचं ठरलं. बिमल रिकामे कप गोळा करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं, एकात एक बसतच नव्हते.

आज सामना झाला.

तुम्ही नव्हतात. रेफरीला कुणी शिव्याच देईना. देशपांडेकाकांनी एक चुकीचा फाउल दिला नि सवयीने बाकाकडे बघितलं. तिथे कोण होतं? दुसऱ्या अर्ध्यात सावली निम्म्या मैदानापर्यंत आली तेव्हा वेल्डरांना कॉर्नर मिळाला. त्यांचा तो उंच श्रीलंकेचा पोरगा, ज्याला तुम्ही विजेचा खांब म्हणायचात, त्याने डोक्याने मारला. युसुफचा हात चेंडूला लागलासुद्धा. पण आत गेला. त्यानंतर ड्रायव्हरांनी जीव तोडून धावाधाव केली, एकदा तर चेंडू पाइपाला लागून परत आला. माझ्या नखांच्या खुणा अजून तळहातावर आहेत. तोंडाने काय म्हणत होते माहितीये? "गोल करा रे, गोल करा." सगळ्या बैठकीसमोर खाली पाठवा म्हणून भांडले नि आता देवाला साकडं घालत होते की यांना वाचव. माझं सगळं राजकारण त्या शेवटच्या मिनिटांत कुठे गेलं कुणास ठाऊक.

शिट्टी झाली. तुमचा संघ खाली गेला, अन्वरचाचा.

कुणी रडलं नाही, मग एक रडला, मग सगळे. युसुफ बराच वेळ गोलपोस्टला डोकं टेकून उभा होता. मग चालत आला, ग्लोव्हज काढले आणि त्याने बाहीने बाक पुसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. किचनची पोरं समोर उभी, पण बसायला कुणी तयार नाही. त्यांनाच लाज वाटत होती. शेवटी एकेक करून टेकले, आणि डाव्या टोकाची तुमची जागा रिकामी सोडली. बिमल तिच्या शेजारी अंग चोरून बसला.

युसुफ म्हणाला, "उधर बैठ."

"भाई, वो चाचा का जगह है।"

"किसी का जगह नहीं है। यही तो है। बैठ."

बिमल बसला. बसल्यावर त्याने सावलीतून वर बघितलं, भिंतीकडे, जणू भिंत नवी बांधली होती.

ड्रायव्हरांनी ड्रम उचलला आणि उन्हाच्या बाजूला नेला. चेहरा कुणाचाही वाकडा नव्हता, मी नीट बघत होते, एक गुण वजा करायला बसलेच होते. आणि मग, चाचा, सगळ्यांना कॅम्पवर सोडायच्या बस कुणी चालवायच्या? त्यांनीच. वेल्डर मागे बसून गाणी म्हणत होते आणि पुढे स्टिअरिंगवर नुकताच खाली गेलेला माणूस आरसा नीट करत होता. मी खिडकीतून बघत होते. इतका राग आणि इतका अभिमान एकाच वेळी मला कधी आला नव्हता.

भिंतीवर तक्ता मी लिहिला. ब गटात, शेवटच्या ओळीत: ड्रायव्हर. अक्षर चांगलं आलं नाही.

काळजी संपलेली नाही. मैदानाच्या कडेला कुणीतरी लाल रंगाचे खुंटे मारून गेलंय, मोजणीचे असावेत. ऑक्टोबरात, नव्या मोसमाला, ते मैदान असेल की तिथे नवं गोदाम, कोण सांगणार? बैठकीत बोलले ते ऑफिसात कुणाकुणाच्या कानावर गेलं असेल? तुमच्या खुर्चीवर नवा कोऑर्डिनेटर येईल, तो शुक्रवारी बस सोडेल का? यार्डात छप्पर अजून नाहीच. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला या कशाचंच उत्तर येत नाही. आणि आपला वाद तुम्ही जिंकलात, हे मी एकदाही तुमच्या तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही आठवडाभर छाती काढून फिरला असतात. फिरू द्यायला हवं होतं.

पण एक राहतं. क्रूर आहे ते आहेच चाचा, मी तेवढं मागे घेणार नाही. जिना लागतो, कबूल. पण सोळा संघांना आठांची सावली, हे भिंतीने ठरवायचं नसतं. त्यावर आपण भांडूच.

मैदान राहिलं तर ऑक्टोबरात ड्रायव्हर जेवणानंतर लगेच खेळतील, डोक्यावर ऊन घेऊन. बाकाच्या बाजूला पुष्कळ लोक असतील. मी तक्ता लिहून झाला की पलीकडे जाईन, ड्रमजवळ, आणि सामना संपेपर्यंत तिथेच उभी राहीन.